स्कॉच ब्रूम : बागेतील लागवड

स्कॉच ब्रूम (शास्त्रीय नाव : सायटिसस स्कोपेरियस, कुल : फॅबेसी) हे पश्चिम व मध्य युरोपातील मूळचे, पिवळ्या फुलांचे शेंगवर्गीय झुडूप आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याचे वर्णन स्पार्टियम या प्रजातीत केले होते. १८२२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिंक यांनी ते सायटिसस प्रजातीत आणले. थंडी, वारा आणि निकस माती यांना न जुमानणारे झुडूप म्हणून थंड व समशीतोष्ण प्रदेशांतल्या बागांत ते दीर्घकाळ लावले जात आहे. मूळ प्रदेशाबाहेर मात्र अनेक देशांत त्याची गणना उपद्रवी तणांत होते.

झुडूप १ ते ३ मीटर उंच वाढते. फांद्या सरळ, सडपातळ, कंगोरेदार आणि हिरव्या असतात. पाने लहान, बहुधा तीन पर्णिकांची असून लवकर गळतात. त्यानंतर अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्याच करतात, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यातही झुडूप तग धरते. मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. म्हणूनच रेताड उतारावर, जिथे दुसरे काही रुजायला तयार नसते, तिथे हे झुडूप खुशाल वाढते.

वसंत ऋतूत सुमारे २ ते २.५ सेंटिमीटर लांबीची फुले फांद्याभर येतात. त्यांची परागणाची तऱ्हा मुळातून पाहण्यासारखी आहे. खालच्या दोन पाकळ्या जुळून नावेसारखा आकार होतो आणि त्यात पुंकेसर व किंजल ताणलेल्या स्प्रिंगसारखे दबून राहतात. हलक्या कीटकाच्या वजनाने काही होत नाही. एखादी वजनदार मधमाशी बसली की पाकळ्यांची शिवण उसवते. आखूड पुंकेसर तिच्या पोटाला पराग फासतात, तर लांब पुंकेसर आणि किंजल उसळून तिच्या पाठीवर आपटतात. फुलाची ही उसळी एकदाच; ते पुन्हा मिटत नाही. मध नसतो, मिळतो तो फक्त पराग.

पुढची गंमत शेंगांची आहे, आणि बागेच्या दृष्टीने खरा प्रश्नही तिथूनच सुरू होतो. उन्हाळ्यात शेंगा काळ्या पडतात. वाळताना त्यांच्या दोन्ही भागांना पीळ पडतो आणि कडक उन्हात त्या ऐकू येईल अशा आवाजाने तडकतात. बिया दूर उडतात. प्रत्येक बीला एक तेलकट उपांग असते. त्याच्या लोभाने मुंग्या बिया आणखी पुढे नेतात. वाहते पाणी, चाकांना लागलेला चिखल आणि रस्त्यासाठी वाहून नेलेली खडी यांमुळे प्रसार आणखी वाढतो. बीचे कवच इतके कठीण असते की बरेचसे बी लगेच उगवत नाही, कित्येक दशके मातीत जिवंत पडून राहते. झुडूप काढून टाकले म्हणजे काम संपले, असे म्हणूनच होत नाही.

याचे ठळक उदाहरण कॅनडातील व्हँकूव्हर बेटाचे. कॅप्टन वॉल्टर कोल्कहून ग्रँट यांनी १८५० मध्ये सूक येथे हवाई बेटांतून मिळालेले बी पेरले. त्यांतली तीनच झाडे जगली, असे सांगतात; आज बेटाच्या दक्षिण भागात ब्रूमचे पिवळे रान माजलेले आहे. उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया, विशेषतः न्यू साउथ वेल्समधील बॅरिंग्टन टॉप्सचे पठार, येथेही तीच कथा आहे. भारतात निलगिरीच्या उंच भागातील शोला (दऱ्यांतील सदाहरित वने) व गवताळ प्रदेशात हे झुडूप घुसले आहे. गवताळ जमिनीवर त्याची दाट जाळी झाली की खालची लहान झाडे मरतात. शिवाय मातीतील नत्र वाढतो आणि निकस जमिनीला सरावलेल्या स्थानिक वनस्पतींची जागा इतर तणे घेतात.

त्यामुळे लागवडीचा निर्णय मुख्यतः ठिकाणावर अवलंबून आहे. मूळ युरोपीय प्रदेशात हे झुडूप बागेत लावायला हरकत नाही. जिथे ते तण म्हणून नोंदलेले आहे, किंवा बाग मोकळ्या माळाला, जंगलाला अथवा ओढ्याला लागून आहे, तिथे ते लावू नये. काही ठिकाणी लावण्यास कायद्यानेही बंदी आहे. तांबड्या-पिवळ्या फुलांच्या ‘अँड्रिएनस’सारख्या शोभिवंत प्रकारांनाही बी धरते, आणि त्यापासून उगवणारी रोपे बहुधा साधी पिवळीच निघतात. तेव्हा रंगीत वाण म्हणजे निर्धोक वाण, हा समज चुकीचा आहे. पिवळा बहरच हवा असेल तर फोर्सिथिया लावणे शहाणपणाचे; ते शेंगवर्गीय नाही, पण असा उच्छादही मांडत नाही.

लागवडीसाठी भरपूर ऊन, उत्तम निचरा आणि आम्लधर्मी ते उदासीन रेताड माती लागते. चुनखडीची उथळ जमीन मानवत नाही. खत घालू नये. बी पेरण्यापूर्वी त्याचे कवच घासून घेतात किंवा बी गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवतात. निवडक वाण मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस अर्धपक्व फांदीच्या छाट कलमांनीच वाढवावे लागतात. रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावे, कारण सोटमूळ खोल जाते आणि नंतर हलवलेले झुडूप सहसा जगत नाही. स्थिरावलेले झुडूप उणे १५ अंश सेल्सिअसची थंडी सोसते, पण त्याचे आयुष्य साधारण १० ते १५ वर्षांचेच.

छाटणी फुले ओसरताच करावी. फुललेल्या फांद्यांचा हिरवा भाग दोन-तृतीयांश कापावा. तपकिरी, जुन्या लाकडात कात्री घालू नये, तिथून फूट येत नाही. ही छाटणी शेंगा धरण्याआधी झाली की झुडपाचा आकार राहतो आणि बीही पडत नाही. राहिलेल्या शेंगा काळ्या पडण्यापूर्वी तोडाव्यात आणि कंपोस्टमध्ये टाकू नयेत. कोवळे शेंडे आणि बिया यांत स्पार्टेइन हे हृदयावर परिणाम करणारे अल्कलॉइड असते, म्हणून लहान मुले व गुरे यांना झुडपापासून दूर ठेवावे.

नको असलेली छोटी रोपे ओल्या मातीतून मुळासकट उपटता येतात. मोठी झुडपे कोरड्या उन्हाळ्यात जमिनीलगत कापणे बरे. उपटताना माती उकरली जाते आणि खाली निजलेले बी उजेडात येऊन उगवते. आगीनेही बी मोठ्या प्रमाणावर उगवते, तेव्हा जाळण्याचा मार्ग टाळावा. काही देशांत शेंगांतले बी खाणारे भुंगेरे आणि फांद्यांवर गाठी आणणारी कोळीकीड जैविक नियंत्रणासाठी वापरतात, पण त्यांच्यामुळे मातीतला जुना बीजसाठा कमी होत नाही. साफ केलेल्या जागेवर दरवर्षी फिरून नवी रोपे काढावी लागतात.