प्राध्यापकांचा वाटा: अमेरिकी विद्यापीठांतील सहभागी कारभार कसा घडला

अमेरिकेतील विद्यापीठांची कायदेशीर सत्ता प्राध्यापकांच्या हाती कधीच नव्हती. ती विश्वस्तांकडे होती आणि आजही त्यांच्याकडेच आहे. अभ्यासक्रमात काय असावे, कोणाला नेमावे, कोणाला कायम करावे, पदवी कोणत्या कसोटीवर द्यावी हे तिथले प्राध्यापक ठरवतात, ही गेल्या साधारण शंभर वर्षांत रुजलेली वहिवाट आहे. तिला तिकडे 'शेअर्ड गव्हर्नन्स' म्हणतात. आपण सहभागी कारभार म्हणू. ही वहिवाट कशी पडली हे ठाऊक नसेल, तर अलीकडे काही राज्यांत ती एका कायद्याच्या फटक्यात कशी मोडता आली, याचा उलगडा होत नाही.

मुळात विद्यापीठ म्हणजेच शिक्षकांचा संघ, अशी युरोपातली जुनी परंपरा. पॅरिसमध्ये १२२९ साली नगररक्षकांच्या हातून काही विद्यार्थी मारले गेले, तेव्हा शिक्षकांनी वर्ग बंद केले आणि ते शहर सोडून गेले. ही कोंडी दोन वर्षे टिकली. १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने फर्मान काढून स्वतःचे नियम स्वतः करण्याचा आणि अन्याय झाल्यास अध्यापन थांबवण्याचा शिक्षकांचा हक्क मान्य केला. बोलोन्यात उलटा प्रकार होता. तिथे संघ विद्यार्थ्यांचा होता आणि वर्गावर उशिरा येणाऱ्या शिक्षकाला ते दंड ठोठावत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज पॅरिसच्या वाटेने गेली. २००६ साली ऑक्सफर्डच्या कुलगुरूंनी कारभारात बाहेरच्या सदस्यांना बहुमत देण्याचा प्रस्ताव आणला, तो तिथल्या शिक्षकांच्या सभेने मतदान करून फेटाळला. त्यांच्या हातात मताचा अधिकार होता, सल्ल्याचा नव्हे. हा फरक पुढे सतत लक्षात ठेवावा लागेल.

अमेरिकेत ही परंपरा पोहोचलीच नाही. हार्वर्डची स्थापना १६३६ ची. त्या वसाहतीत विद्वानांचा संघ उभा राहावा एवढे विद्वानच नव्हते. शिकवणारे बहुतेक तरुण ट्यूटर. नुकतेच शिकून बाहेर पडलेले, चर्चमध्ये धर्मोपदेशकाची जागा मिळेपर्यंत दोन-चार वर्षे शिकवणारे. त्यांच्या भरवशावर संस्था सोपवायला कोणी तयार नव्हते. म्हणून धर्मगुरू आणि शासनातले अधिकारी यांचे देखरेख मंडळ वर बसले. १६५० च्या सनदेने अध्यक्ष, पाच फेलो आणि कोषाध्यक्ष यांचे 'कॉर्पोरेशन' निर्माण केले. फेलो म्हणजे तिथे राहून शिकवणारे, असा अर्थ त्या सनदेतून काढता येत होता. पण हळूहळू फेलोंच्या जागाही बाहेरच्या प्रतिष्ठितांकडे गेल्या. १८२४ मध्ये हार्वर्डच्या अध्यापकांनी अर्ज करून या जागा आमच्या आहेत असे मांडले. पुढच्या वर्षी देखरेख मंडळाने तो अर्ज फेटाळला. येलने तर १७०१ मध्ये सुरुवातच धर्मगुरूंच्या विश्वस्त मंडळाने केली, आणि पुढे बहुतेक महाविद्यालयांनी येलचा हाच साचा उचलला.

१८१९ चा डार्टमथ कॉलेजचा खटला अमेरिकी शिक्षणाच्या इतिहासात मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. राज्य सरकारला कॉलेजची सनद मनमानीने बदलता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. निकाल मोलाचा होता, यात शंका नाही. पण त्याने संरक्षण कोणाला मिळाले? विश्वस्तांना, तेही सरकारपासून. विश्वस्तांपासून प्राध्यापकांना संरक्षण देण्याचा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकवणारा माणूसच बदलला. हजारो अमेरिकी तरुण जर्मनीत जाऊन संशोधन शिकून आले. तिथे त्यांनी वरिष्ठ प्राध्यापकांना आपल्यातूनच रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, निवडताना पाहिले होते. (तिथेही नेमणुका सरकारच करत असे आणि कनिष्ठ अध्यापकांना फारसा आवाज नव्हता, हे परत आलेले लोक सहसा सांगत नसत.) मायदेशी मात्र त्यांना वेगळेच जग भेटले. जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, स्टॅनफर्ड अशी नवी विद्यापीठे उद्योगपतींच्या पैशावर उभी राहत होती, विश्वस्त मंडळांत धर्मगुरूंच्या जागी बँकवाले आणि रेल्वेवाले बसत होते, आणि विद्यापीठाचा अध्यक्ष एखाद्या कंपनीच्या प्रमुखासारखा सर्वाधिकारी झाला होता. आपल्या विषयातला देशातला सर्वांत जाणता माणूस अध्यक्षाच्या एका पत्राने घरी जाऊ शकत होता.

तसे घडलेही. स्टॅनफर्डमधील एडवर्ड रॉस याने आशियाई मजुरांच्या स्थलांतराविरुद्ध आणि नागरी सेवांच्या सार्वजनिक मालकीच्या बाजूने भाषणे केली. संस्थापकाची विधवा जेन स्टॅनफर्ड यांना ती खपली नाहीत आणि १९०० मध्ये रॉसला जावे लागले. रॉसची स्थलांतरितांबद्दलची भाषा उघड वंशद्वेषी होती. त्याला हुतात्मा करण्याचे कारण नाही. पण ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी वर्गात कोण उभे राहील हे ठरवावे का, हा प्रश्न रॉसपेक्षा मोठा होता. अनेक सहकाऱ्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. त्यांत आर्थर लव्हजॉय हा तरुण तत्त्वज्ञ होता.

याच लव्हजॉयने जॉन ड्यूई यांच्यासह १९१५ च्या जानेवारीत अमेरिकी विद्यापीठ प्राध्यापक संघटना उभी केली. ड्यूई पहिले अध्यक्ष झाले. संघटनेला महिने उलटत नाहीत तोच यूटा विद्यापीठात चार अध्यापकांना काढले गेले, त्याच्या निषेधार्थ सतरा जणांनी राजीनामे दिले, आणि चौकशीसाठी लव्हजॉय स्वतः तिथे गेला. त्याच वर्षीच्या संघटनेच्या जाहीरनाम्यात या इतिहासातला सर्वांत धाडसी विचार आहे, असे मला वाटते. प्राध्यापकाची नेमणूक विश्वस्त करतात, पण तो त्यांचा नोकर नाही. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीश नेमतो म्हणून निकाल राष्ट्राध्यक्षाला विचारून द्यायचे नसतात, तसेच हे नाते आहे, असे त्यात म्हटले होते. कायद्याच्या नजरेत प्राध्यापक नोकरच होता. जाहीरनाम्याने कायदा बदलला नाही. पण प्राध्यापकाने स्वतःकडे कसे पाहावे, हे बदलले.

हे बदललेले भान प्रत्यक्षात उतरायला संकटेच लागली. १९१७ मध्ये, महायुद्ध सुरू असताना, कोलंबिया विद्यापीठाने सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केल्याबद्दल मानसशास्त्रज्ञ जेम्स कॅटेल यांना काढले. विद्यापीठांचा कारभार प्राध्यापकांकडे यावा म्हणून कॅटेल आधीपासूनच लिहीत होते. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड युद्धाचे समर्थक होते, तरीही त्यांनी राजीनामा दिला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे वहिवाटीला नियमाचे रूप मिळाले. १८६८ च्या स्थापना-कायद्यातच तिथे अकॅडमिक सिनेटची, म्हणजे प्राध्यापकांच्या सभेची, तरतूद होती, पण अध्यक्ष बेंजामिन व्हीलर यांच्या वीस वर्षांच्या एकछत्री कारभारात ती नावापुरती उरली. १९१९ मध्ये व्हीलर पायउतार झाले आणि ती पोकळी बर्कली येथील या विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी अचूक हेरली. १९२० मध्ये रीजंट्सनी, म्हणजे तिथल्या नियामक मंडळाने, नियम बदलले. सिनेटने आपली रचना आपण ठरवावी, आपल्या समित्या आपण नेमाव्यात, अभ्यासक्रम तिच्या अखत्यारीत असावेत, आणि नेमणूक-बढतीत अध्यक्षांनी तिचा सल्ला घ्यावा, असे ठरले. देशातील सर्वांत बलवान सिनेट म्हणून तिची ख्याती झाली.

त्या बलवान सिनेटची कसोटी १९४९ मध्ये लागली. साम्यवादाच्या भीतीने रीजंट्सनी प्रत्येक प्राध्यापकाकडून निष्ठेची शपथ मागितली. सिनेटने विरोध केला, वाटाघाटी केल्या, आणि मग १९५० च्या मार्चमध्ये टपाली मतदानात साम्यवादी पक्षाच्या सदस्यांना नोकरी देऊ नये, हे तत्त्व मोठ्या बहुमताने मान्य केले. हे सांगायलाच हवे. प्राध्यापकांची सभा आपोआप स्वातंत्र्याच्या बाजूने उभी राहते, असे इतिहास सांगत नाही. शपथ न घेणाऱ्या ३१ जणांना ऑगस्टमध्ये काढण्यात आले. मध्ययुगाचे थोर इतिहासकार अर्न्स्ट कांटोरोविच त्यांपैकी एक. नाझी जर्मनीतून निसटून आलेल्या या माणसाला शपथांची किंमत पुरेपूर ठाऊक होती. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांच्या नेतृत्वाखाली शपथविरोधक न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. सिनेटने जे राखले नाही, ते मोजक्या हट्टी माणसांनी राखले.

महायुद्धानंतर विद्यार्थी लोटले, सोव्हिएत संघाच्या स्पुटनिक या पहिल्या उपग्रहानंतर संशोधनाला पैसा वाहू लागला आणि प्राध्यापकांचा तुटवडा पडला. चांगल्या माणसाला दुसरीकडे सहज जागा मिळत असल्याने विद्यापीठांना त्याचे ऐकावे लागे. या अनुकूल काळात, १९६६ मध्ये, विद्यापीठ कारभाराविषयीचे ते प्रसिद्ध निवेदन तयार झाले. प्राध्यापक संघटना, विद्यापीठांची राष्ट्रीय परिषद आणि विश्वस्त मंडळांची संघटना या तिघांनी मिळून ते लिहिले. अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, संशोधन आणि प्राध्यापकांच्या नेमणुका, बढत्या, बडतर्फी यांत प्राथमिक जबाबदारी प्राध्यापकांची; विश्वस्तांनी त्यांचा निर्णय क्वचितच आणि कारण सांगूनच फिरवावा; अर्थसंकल्प आणि दीर्घकालीन आखणीत सर्वांचा सहभाग असावा, अशी विभागणी त्यात आहे. आजही कोणत्याही सिनेटच्या वादात हेच निवेदन पुढे केले जाते. मात्र ते प्राध्यापक संघटनेने आपले धोरण म्हणून स्वीकारले, तर उरलेल्या दोघांनी आपापल्या सदस्य संस्थांकडे त्याची शिफारस तेवढी केली. ते कोणावरही बंधनकारक नव्हते.

१९८० मध्ये या वहिवाटीने प्राध्यापकांनाच कोंडीत पकडले. न्यूयॉर्कच्या येशिवा या खासगी विद्यापीठातील प्राध्यापकांना कामगार संघटना करायची होती. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की अभ्यासक्रम आणि नेमणुका तुम्हीच ठरवता, म्हणजे तुम्ही व्यवस्थापक आहात. कामगार कायद्याचे संरक्षण तुम्हाला नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मत नोंदवले. प्राध्यापक आपल्या ज्ञानाच्या आधारे सल्ला देतात, मालकाच्या वतीने कारभार हाकत नाहीत, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

त्यानंतरची पडझड हळूहळू झाली. कायम सेवेतील प्राध्यापक निवृत्त झाले की त्यांच्या जागी कंत्राटी माणसे येऊ लागली. प्राध्यापक संघटनेच्या आकडेवारीनुसार १९८७ मध्ये शिकवणाऱ्यांपैकी सुमारे ३९ टक्के कायम सेवेत होते; २०२१ मध्ये सुमारे २४ टक्के. कंत्राटी अध्यापकाला पुष्कळ ठिकाणी सिनेटमध्ये मत नाही. जिथे आहे तिथेही, पुढच्या सत्राचे कंत्राट ज्यांच्या हातात त्यांच्याविरुद्ध हात वर करणे सोपे नसते. सिनेटच्या इमारतीवर बाहेरून घाव पडण्यापूर्वीच तिचा पाया असा आतून खचला होता. तरी जीव होता. २०१२ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळाने अध्यक्ष टेरेसा सलिव्हन यांना अचानक राजीनामा द्यायला लावला, तेव्हा प्राध्यापकांच्या सिनेटने उभ्या केलेल्या विरोधापुढे मंडळाला अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत त्यांना परत घ्यावे लागले.

आता घाव थेट पडत आहेत. २०२४ मध्ये केंटकी विद्यापीठाच्या विश्वस्तांनी नियम करण्याचा अधिकार असलेली सिनेट मोडून सल्लागार मंडळ आणले. २०२५ मध्ये इंडियानाच्या विधिमंडळाने अर्थसंकल्पी विधेयकातच तरतूद घालून सरकारी विद्यापीठांतील प्राध्यापक-सभांचे निर्णय केवळ सल्लावजा ठरवले. त्याच वर्षी टेक्सासने 'सिनेट बिल ३७' संमत केले. १ सप्टेंबरपासून सरकारी विद्यापीठात नियामक मंडळाने मंजूर केली तरच सिनेट राहील. तिचे पदाधिकारी विद्यापीठाचा अध्यक्ष नेमेल. ती सल्ल्यापलीकडे जाणार नाही. आणि सर्वांना सक्तीच्या असलेल्या मूलभूत अभ्यासक्रमाची तपासणी दर पाच वर्षांनी नियामक मंडळ करील. विधेयकाचे कर्ते, राज्य विधिमंडळातील सिनेटर ब्रँडन क्राइटन, त्याच वर्षी टेक्सास टेक विद्यापीठ समूहाचे चान्सलर, म्हणजे प्रमुख, झाले.

समर्थकांचे म्हणणे असे, की करदात्यांच्या पैशावरच्या संस्थेत अंतिम शब्द जनतेला उत्तरदायी असलेल्यांचा हवा. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. पण उत्तरदायी मंडळाला रसायनशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासक्रमातले बरेवाईट कसे कळणार, याचे उत्तर त्या कायद्यात नाही, आणि १९१५ च्या माणसांनी विचारलेला प्रश्न नेमका तोच होता. खासगी विद्यापीठातल्या प्राध्यापकाला येशिवाच्या निकालाने सांगितले, की तू कारभारी आहेस, म्हणून तुला संघटनेचे संरक्षण नाही. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठातल्या प्राध्यापकाला आता सांगितले गेले आहे, की तू कारभारी नाहीस. आणि त्या राज्यात सरकारी कर्मचारी म्हणून सामूहिक वाटाघाटीचा हक्क त्याला आधीपासूनच नाही.