कोटाच्या काजातून: अनोळखी माणसांच्या फोटोंची पार्श्वभूमी

फोटोत उमटलेला बहुधा पहिला माणूस अनोळखीच होता. १८३८ साली फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका रुंद रस्त्याचा फोटो वरच्या खिडकीतून काढला. रस्ता वर्दळीचा, पण फोटोत तो ओस पडलेला दिसतो. प्लेटवर चित्र उमटायला तेव्हा काही मिनिटं लागत. तेवढ्या वेळात घोडागाड्या आणि माणसं निघून गेली, त्यांचा मागमूसही उरला नाही. खालच्या कोपऱ्यात एक माणूस मात्र राहिला, कारण तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी पाय वर ठेवून थांबला होता. तो कोण, हे आजतागायत कळलेलं नाही.

पुढची तीसचाळीस वर्षं रस्त्यावरच्या माणसाचा फोटो काढायचा तर त्याला थांबवावंच लागे. १८७७ च्या सुमाराला जॉन थॉमसन यांनी लंडनमधले फेरीवाले, फुलवाल्या, बूट पुसणारी मुलं यांचे फोटो काढले. ओल्या काचेचा तो जमाना. काचेवर रसायन पसरायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. समोरच्याशी बोलल्याशिवाय, त्याला उभं केल्याशिवाय हे होणारच नव्हतं. संमती घेणं हा तंत्राचाच भाग होता, कारण माणूस हलला की चित्र हललं. मला या विषयाच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा धागा वाटतो. तंत्राची ही सक्ती संपली आणि विचारायचं की नाही, हे ज्याचं त्याच्यावर आलं.

सक्ती संपवली ती कोरड्या प्लेटने. रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये रसायन जिलेटिनमध्ये मिसळून काचेवर आधीच लावून ठेवायचा उपाय सुचवला आणि दशकभरात सेकंदाच्या छोट्याशा अंशात फोटो निघू लागले. मग कॅमेरा लपवायची कल्पना यायला वेळ लागला नाही. १८८६ च्या सुमाराला श्टिर्न कंपनीचा कॅमेरा बाजारात आला. थाळीसारखी चपटी गोल डबी, ती कोटाच्या आत छातीवर लटकवायची. भिंग बटणाच्या काजातून बाहेर डोकावायचं आणि दोरी ओढली की फोटो. आत एक गोल काच असे, तिच्यावर साधारण चार सेंटीमीटरची सहा वर्तुळं उमटत. नॉर्वेतल्या कार्ल स्टॉर्मर नावाच्या विद्यार्थ्याने १८९० च्या दशकात हाच कॅमेरा कोटात घालून, आज ज्याला ओस्लो म्हणतात त्या शहरात, ओळखीअनोळखीच्या माणसांचे फोटो काढले. समोरून कुणी आलं की तो नमस्कार करायचा, समोरचा हसून उत्तर द्यायचा, आणि तेवढ्यात दोरी ओढली जायची. स्टुडिओत ताठ बसलेल्या त्या काळच्या चेहऱ्यांची सवय असलेल्या आपल्याला ती हसरी, टोपी उचलणारी माणसं पाहून चकित व्हायला होतं. हाच विद्यार्थी पुढे ध्रुवीय प्रकाशाचा नामांकित अभ्यासक झाला.

दरम्यान १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा आणला. शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला, किंमत २५ डॉलर. रोल संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा पोरांच्याही हाती गेला. कुणीही, कुठेही, कुणाचाही फोटो काढू शकतो, हे लोकांच्या अंगावर आलं. १८९० मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी खाजगीपणाच्या हक्कावर जो गाजलेला लेख लिहिला, त्यात या झटपट फोटोंविषयी स्पष्ट तक्रार आहे. आज मोबाइलबद्दल आपण जे बोलतो, ते तेव्हाच बोलून झालं होतं.

मग आला लायका कॅमेरा. जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बारनाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी वापरून दुप्पट मोठी चौकट मिळवली, २४ बाय ३६ मिलिमीटर. नमुना १९१४ च्या आसपास तयार होता, पण मध्ये युद्ध आलं आणि कॅमेरा लोकांसमोर आला तो १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत. एका रोलमध्ये ३६ फोटो आणि मुठीत मावेल असं यंत्र. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारख्या फोटोग्राफरांनी चकाकणारे भाग काळे करून तो गर्दीत वापरला.

अमेरिकन फोटोग्राफर वॉकर एव्हान्स तर पुन्हा कोटाकडेच वळले. १९३८ ते १९४१ या काळात ते न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसून समोरच्या बाकावरच्या प्रवाशांचे फोटो काढत. कॅमेरा कोटाखाली, भिंग दोन बटणांच्या मधून, शटरची तार बाहीतून हातात. व्ह्यूफाइंडरला डोळा लावायची सोय नव्हती, सगळं अंदाजाने. चेहऱ्यावरचे सगळे मुखवटे गळून पडलेली, आपल्याच विचारात हरवलेली ती माणसं पाहताना गलबलून येतं आणि आपण चोरून पाहतोय हेही जाणवतं. हे फोटो पुस्तकात आले ते थेट १९६६ मध्ये, पंचवीस वर्षांनी.

त्यांच्या आधीच्या पिढीत अगदी उलटी वाट चालणारे होते जर्मनीचे फोटोग्राफर ऑगस्ट झांडर. मोठा कॅमेरा, काचेच्या प्लेटा, आणि शेतकरी, गवंडी, मिठाईवाला समोर नीट उभा, भिंगात पाहणारा. त्यांनी असे ६० फोटो १९२९ मध्ये पुस्तकरूपाने काढले, नाझींनी १९३६ मध्ये त्याच्या छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या. माझा स्वतःचा कौल झांडरांना आहे. त्यांच्या फोटोतला मिठाईवाला भांडं हातात धरून असा उभा आहे, की आपण कसं दिसावं हे ठरवण्यात त्याचाही वाटा होता.

या दोन टोकांच्या मध्ये रोलायफ्लेक्स येतो. १९२९ चा हा दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून काचेत पाहायचं. चित्र डावीउजवीकडे उलटं दिसतं, त्यामुळे माणूस डावीकडे चालला की हात आधी चुकीकडे वळतो. पण समोरच्याला नजर भिडत नाही, डोळ्यांवर कॅमेरा रोखल्यासारखं वाटत नाही. शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी असाच कॅमेरा गळ्यात अडकवून वर्षानुवर्षं रस्त्यावरची माणसं टिपली. लाखाच्या वर निगेटिव्ह. ती लोकांना सापडली २००७ मध्ये एका लिलावात. त्यांत शेकडो रोल असे होते, जे कधी धुतलेच नव्हते. म्हणजे त्यातले चेहरे खुद्द मायर यांनीही फोटोत पाहिले नाहीत.

आज फिल्मवर अनोळखी माणसांचे फोटो काढणाऱ्यांपुढे हीच अडचण आहे. समोरचा विचारतो, दाखवा पाहू कसा आलाय, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर काहीच नसतं. मग काही जण रोलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पत्ता लिहून घेतात, रोल धुतला की प्रिंट पाठवायचं कबूल करतात.