इन्फ्लेमेबल: पेटणारं की न पेटणारं?

बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीतून निघालेले टँकर हायवेवर रोज दिसतात. मागच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘हायली इन्फ्लेमेबल’. इंग्रजीत ‘इन’ लागला की अर्थ उलटा होतो, हे ज्या मुलाकडून घोटून घेतलंय तो या पाटीचा अर्थ लावणार ‘अजिबात न पेटणारं’. तर्कात खोट नाही, पण हा अर्थ जिवावर बेतू शकतो. इथला ‘इन’ नकाराचा नाहीच, तो ‘आत’ या अर्थाचा आहे. लॅटिनमध्ये ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणं, ज्वाळेत घालणं. हा घोळ फक्त आपल्याकडे होतो असंही नाही. अमेरिकेत अग्निसुरक्षेचं काम करणाऱ्यांनी १९२०च्या दशकापासून ‘फ्लेमेबल’ हा सुटसुटीत शब्द लावून धरला, तो याच भीतीने. आता ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्ही एकाच अर्थाने चालतात, आणि न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणावं लागतं.

बडोद्यात अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत आयईएल्टीएसच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लासच्या पाट्या आहेत आणि दांडिया बाजारातल्या मराठी घरांतली मुलंही तिथे जातात. येताना हातात झेरॉक्स असते: ‘री’ने सुरू होणारे पानभर शब्द, मग ‘डिस’चे पानभर, मग ‘इन’चे. माझं म्हणणं असं की उपसर्ग शिकणं फार मोलाचं आहे, पण एका उपसर्गाचे पानभर शब्द पाठ करणं ही ते शिकण्याची सगळ्यात वाईट रीत आहे. या दोन गोष्टी क्लासवाल्यांनी एकच समजल्या आहेत.

मोलाचं का, ते आधी. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी शालेय पुस्तकांतल्या उपसर्गवाल्या शब्दांची मोजदाद करून १९८९ मध्ये ती प्रसिद्ध केली. एकट्या ‘अन’चे शब्द सुमारे २६ टक्के निघाले, ‘री’चे १४, नकारार्थी ‘इन’ आणि त्याची रूपं मिळून ११, ‘डिस’चे ७. म्हणजे चार उपसर्गांत निम्म्याहून जास्त शब्द आले, आणि पहिल्या वीस उपसर्गांत ९७ टक्के. वीस उपसर्ग शिकणं हे काही आयुष्यभराचं काम नव्हे.

शिवाय शब्द फोडून पाहण्याची खोड डोक्याला आपली आपणच असते. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ मार्कस टाफ्ट आणि केनेथ फॉर्स्टर यांनी एक साधा प्रयोग केला. समोर अक्षरं दाखवायची आणि हा इंग्रजी शब्द आहे की नाही, ते वाचणाऱ्याने झटपट सांगायचं. ‘जुव्हनेट’ असा शब्द नाही, ‘लुव्हनेट’ असाही नाही. दोन्हींना ‘नाही’ म्हणायला सारखाच वेळ लागायला हवा. पण ‘जुव्हनेट’ला नाकारताना लोक रेंगाळले, कारण ‘रिजुव्हनेट’ हा खरा शब्द आहे. त्यातला ‘री’ काढून उरलेला तुकडा डोक्यात कुठेतरी स्वतंत्र नोंदलेला असावा. तो सापडतो आणि मग ‘अरे, पण हा एकटा चालत नाही’ हे लक्षात यायला क्षणभर जातो. पुढे यावर पुष्कळ वाद झाले. रोजच्या वापरातले शब्द आपण अख्खेच्या अख्खेही ओळखतो, असं आता बरेच जण मानतात. पण अनोळखी शब्द समोर आला की फोड करून पाहणं हीच पहिली धडपड असते. जाता जाता: ‘जुव्हनेट’मधला ‘जुव्हेनिस’ हा लॅटिन शब्द आणि आपला ‘युवा’ एकाच मुळाचे आहेत. ‘रिजुव्हनेट’ म्हणजे पुन्हा युवा करणं. हे एकदा कळलं की तो शब्द पाठ करायला उरत नाही.

आता ‘इन’च्या रूपांकडे येऊ, कारण मराठी वाचकाला इथे फुकटचा फायदा आहे. ‘इम्पॉसिबल’, ‘इल्लीगल’, ‘इर्रेग्युलर’ हे क्लासमध्ये तीन वेगळे उपसर्ग म्हणून शिकवले जातात. ते एकच आहेत. ‘संप’, ‘संत’ आणि ‘शंख’ हे तीन शब्द सावकाश म्हणून पाहा. अनुस्वार एकच लिहितो, पण ‘संप’मध्ये ओठ मिटतात, ‘संत’मध्ये जीभ दातांना टेकते आणि ‘शंख’मध्ये ती मागे घशाकडे जाते. पुढच्या व्यंजनाची तयारी तोंड आधीच करतं. लॅटिन बोलणाऱ्यांचं तोंडही तसंच होतं. ‘प’, ‘ब’, ‘म’ यांपुढे ‘इन’चा ‘इम’ झाला, ‘ल’पुढे ‘इल’, ‘र’पुढे ‘इर’. आपल्याकडे ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, तशीच ही संधी.

आणि या संधीतच इंग्रजी स्पेलिंगची निम्मी डोकेदुखी सुटते. ‘इमॅच्युअर’मध्ये एम दोन, कारण एक उपसर्गाचा आणि एक ‘मॅच्युअर’चा. ‘इमिटेट’मध्ये एकच, कारण तिथे उपसर्गच नाही. ‘डिसअपीअर’मध्ये एस एक, कारण ‘अपीअर’ ए-पासून सुरू होतो, ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये दोन. ‘मिसस्पेल’ या शब्दाचंच स्पेलिंग चुकणारे लोक दुसरा एस खातात. तो ‘स्पेल’चा आहे, त्याला खाऊन कसं चालेल? ‘अन’ मात्र अशी रूपं बदलत नाही. तो इंग्रजीचा घरचा, जर्मानिक कुळातला उपसर्ग आहे, लॅटिनची संधी त्याच्या वाट्याला आली नाही. म्हणून ‘अनपॉप्युलर’, ‘अनलॉफुल’, ‘अनरीअल’ असं सगळीकडे ‘अन’च राहतं, आणि ‘अननेसेसरी’त एन दोन येतात.

इंग्रजीचा ‘अन’, लॅटिनचा ‘इन’, ग्रीकचा ‘अ’ किंवा ‘अन्’ आणि संस्कृतचा ‘अ’ किंवा ‘अन्’ हे चौघे सख्खे आहेत, एकाच प्राचीन भाषेतून आलेले. ग्रीकचा नियमही आपलाच: पुढे व्यंजन असेल तर ‘अ’, स्वर असेल तर ‘अन्’. ‘अज्ञान’ पण ‘अनादर’. तसंच ‘एथीइस्ट’ पण ‘अ‍ॅनार्की’. आणखी काही जोड्या: ‘इंटर’ आणि ‘अंतर्’, ‘हायपर’ आणि ‘उपरि’, ‘पेरी’ आणि ‘परि’. ‘पेरिमीटर’ला भूमितीत ‘परिमिती’ म्हणतो तेव्हा उपसर्गही जुळतो आणि मोजण्याचा धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ, तेही. ग्रीक ‘डिस’, म्हणजे ‘डिसेंट्री’, ‘डिसलेक्सिया’मधला, हा आपला ‘दुस्’, वाईट या अर्थाचा. त्याचं स्पेलिंग वाय घालून होतं. ‘डिसमिस’, ‘डिस्चार्ज’मधला आय घालून लिहिलेला ‘डिस’ लॅटिनचा, त्याचा मूळ अर्थ ‘वेगळं, दूर’. कानाला एक, कुळं दोन.

या नात्यांची मजा खरी कळली असेल ती उलट्या दिशेने आलेल्या माणसाला. अरविंद घोष १८९३ मध्ये केंब्रिजहून लॅटिन-ग्रीक पक्की करून बडोद्याला आले, १९०६ पर्यंत संस्थानाच्या नोकरीत राहिले आणि त्याच काळात बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवलं. संस्कृतात ते मुरले ते इथे. मराठी आणि गुजरातीही इथेच शिकले.

पण मला कुळांच्या नात्यापेक्षाही जास्त भावतं ते विचाराचं नातं. लॅटिनमध्ये ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं, संस्कृतात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं. धातू वेगळे, कुठलंही रक्ताचं नातं नाही. तरी बघा. ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे आत पाहणं, आपलं ‘निरीक्षण’. ‘एक्स्पेक्ट’ म्हणजे बाहेर वाटेकडे डोळे लावणं, आपली ‘अपेक्षा’, अप अधिक ईक्षा. ‘सर्कमस्पेक्ट’ म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा. आपली ‘परीक्षा’ म्हणजेही मुळात सगळ्या बाजूंनी पाहणंच. ‘सस्पेक्ट’ म्हणजे खालून, तिरप्या नजरेने पाहणं. संशयी माणूस दुसरं काय करतो? दोन संस्कृतींनी एकमेकींना न विचारता ‘पाहणं’ या एका क्रियेला दिशा जोडून मनाचे व्यापार सांगितले. आपल्याकडे या गमतीवर जुना श्लोकच आहे: उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो, जसे प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये इंग्रजी प्रशासकीय शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत अशा भाषांतले प्रतिशब्द देणारा ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ काढला. असे प्रतिशब्द घडवणाऱ्यांच्या हातातलं मुख्य हत्यार हेच. ‘पर्यवेक्षक’ फोडून पाहा, त्यात दोन उपसर्ग आणि पुन्हा तोच ‘ईक्ष्’ निघेल.

मग याद्यांवर राग कशाला? ‘री’च्या यादीतले हे शब्द पाहा: रिझाइन, रिझॉल्व्ह, रिझर्व्ह, रिझेंट, रिझेंबल. सगळ्यांचं तोंड एक, लांबी जवळपास एक, आणि ‘पुन्हा’ हा अर्थ यातल्या एकातही आज सहज दिसत नाही. फळीवर एकाच मापाचे स्टीलचे डबे ओळीने मांडावेत आणि नावं न चिकटवता उद्या साखर शोधावी, तसं होतं. इस्राएलमधल्या हैफाच्या भाषासंशोधक बातिया लाउफर यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की दिसायला-ऐकायला सारखे शब्द परभाषा शिकणाऱ्याच्या डोक्यात हटकून अदलाबदल होतात. अर्थाने जवळचे नवे शब्द एकाच गठ्ठ्यात दिले तर ते शिकायला उलट जास्त वेळ लागतो, हे थॉमस टिंकहॅम यांच्या १९९३च्या प्रयोगांत दिसलं. एक आठवण दुसरीत पाय घालते. उपसर्गाची यादी रूपाची गल्लत तर हमखास करते, आणि ‘डिसलाइक, डिसअप्रूव्ह, डिस्डेन’ अशी असेल तर अर्थाचीही.

त्यापेक्षा तोंडात आधीच असलेले शब्द घ्यावेत. मोबाइलचा रिचार्ज, दवाखान्यातून डिस्चार्ज: ‘चार्ज’ तोच, म्हणजे ‘री’ आणि ‘डिस’चं काम समोरासमोर दिसतं. इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट आजीलाही माहीत आहेत. त्यातून ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे हे काढून घेतलं की ‘ट्रान्सप्लांट’ कळायला शब्दकोश लागत नाही. नवा उपसर्ग अशा दोन ओळखीच्या शब्दांवर टांगावा आणि मग वाचताना भेटेल तेव्हा फोडून पाहावं, अंदाज बांधावा, मग कोशात खात्री करावी. अधूनमधून, दिवसांचं अंतर ठेवून भेटलेलं जास्त टिकतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून सांगून गेले आहेत. कोशाची खात्री गाळायची नाही. ‘अंकल’मध्ये ‘अन’ नाही, ‘रेडी’मध्ये ‘री’ नाही. आणि ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, ‘अमूल्य’. तिथे ‘अ’ मूल्य नाकारत नाही, मोजता येणं नाकारतो.

‘अन’ हा उपसर्ग अजून जिवंत आहे, रोज नवे शब्द प्रसवतो. ‘अनफ्रेंड’ला ऑक्सफर्डच्या अमेरिकी कोशाने २००९चा वर्षाचा शब्द ठरवलं. पण हा ‘अन’ ‘अनहॅपी’तला नाही. विशेषणापुढचा ‘अन’ नकार देतो, क्रियापदापुढचा केलेलं उलटवतो: अनडू, अनलॉक, अनफॉलो. दोघांची मुळंही वेगळी आहेत, दुसऱ्याचं नातं ग्रीक ‘अँटी’शी लागतं. दोघे एकाच शब्दात समोरासमोर आले की भाषाशास्त्राच्या वर्गातलं एक आवडतं कोडं तयार होतं: ‘अनलॉकेबल’. कुलूप लावता येतच नाही असं दार, की कुलूप उघडता येतं असं दार? ‘अन’ आधी ‘लॉक’ला जोडला तर दुसरा अर्थ, ‘लॉकेबल’ला जोडला तर पहिला. दोन्ही बरोबर आहेत, आणि कुठला घ्यायचा ते पुढचं वाक्य वाचल्यावरच ठरतं.