पायाखाली काय आहे, ते आधी बघा
(घर बांधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

30 सप्टेंबर 1993ची पहाट लातूर-धाराशिवकडे कुणी विसरलेलं नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून माणसं झोपली होती आणि मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वरचं जड माळवद, सगळं अंगावर आलं. तेव्हापासून भूकंप म्हटलं की आपल्याकडे भिंती आणि सळई यांवर बोलणं होतं. ते हवंच. पण खालच्या जमिनीचं कुणी विचारत नाही.

भूकंपाची लाट कातळातून वेगानं जाते. वर मऊ मातीचा जाड थर लागला की तिचा वेग कमी होतो आणि हेलकावा वाढतो. 1985 साली मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला. साडेतीनशे किलोमीटरांवरच्या मेक्सिको सिटीत शेकडो इमारती पडल्या, पण त्या बहुतेक जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेल्या भागातल्या. कातळावरच्या भागापेक्षा गाळावर हादऱ्याचा जोर सुमारे पाचपट नोंदला गेला. शहर तेच, भूकंप तोच.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. प्रत्येक इमारतीचा स्वतःचा झोका असतो, म्हणजे एकदा हलून परत यायला लागणारा वेळ; ढोबळमानानं मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग. त्या गाळाचा झोका दोन सेकंदांच्या आसपास होता. मधल्या उंचीच्या इमारतींना भेगा पडल्या, त्या ढिल्या झाल्या, त्यांचा झोका लांबून गाळाच्या झोक्याशी जुळत गेला आणि त्याच सर्वाधिक कोसळल्या. म्हणून ‘शेजाऱ्यानं एवढंच स्टील टाकलंय’ हा हिशेब आम्हाला पटत नाही. त्याचं घर दुमजली असेल, तुमचं पाच मजली.

नदीकाठच्या प्लॉटला वेगळा धोका. पाण्यानं भरलेली सैल वाळू हादऱ्यानं पातळ होते. जपानमध्ये निगाता इथे 1964 साली अख्ख्या इमारती अशाच कलल्या, भिंती मात्र शाबूत होत्या.

जमिनीची आमची तपासणी तुम्ही उभं राहून बघावी, असा आमचा आग्रह असतो. बोअरमध्ये नळी सोडतात, 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून तिच्यावर सोडतात आणि शेवटचे 30 सेंटिमीटर जायला किती घाव लागले ते मोजतात. मऊ काळ्या मातीत सात-आठ घावांत नळी खाली जाते. घट्ट मुरमात पन्नास घाव घातले तरी हलत नाही. हा फरक कानांनीही कळतो. त्या आकड्यांवरून जमिनीचा वर्ग ठरतो आणि तुमचे इंजिनिअर त्यानुसार भूकंपाचा जोर धरतात.

सगळ्यात जास्त काळजी आम्हाला भरावाची वाटते. विहीर बुजवलेली, नाला भरलेला, अर्धा प्लॉट मुरमावर आणि अर्धा भरावावर. सातबाऱ्यावर हे नेहमी दिसेलच असं नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि जे कळेल ते आम्हाला सांगा, म्हणजे तिथे एक बोअर जास्त घेता येईल.

नकाशा पक्का होण्याआधी या. कॉलमचे खड्डे खणून झाल्यावर अहवाल आला, तर पाया बदलण्याचा खर्च तुमच्याच अंगावर पडतो.