प्लास्टरमधला पाय आणि रक्तातली शुगर

आमच्या रावेर-यावलकडे पावसाळ्यात केळीच्या बांधावरून पाय घसरून हाड मोडलं, की प्लास्टर चढतं आणि घरात एकच चालू होतं, हलू नको, पडून राहा, खा. भेटायला येणारे पेढे नि बिस्किटाचे पुडे आणतात, घरात तूप सोडलेली वरण-बट्टी असतेच, आणि मग काही दिवसांनी रिपोर्ट आला की सगळे विचारतात, शुगर एवढी कशी वाढली?

खाण्याचा वाटा आहेच, मार लागल्याच्या ताणानेही शुगर वाढते. पण स्नायूकडे कोणाचं लक्ष जात नाही. इन्सुलिन आल्यावर रक्तातली साखर उचलायचं सगळ्यात मोठं काम स्नायूच करतात. त्यांच्या पेशीत ग्लुट-4 नावाचं प्रथिन असतं, ते एरवी आत असतं, इन्सुलिन आलं की पेशीच्या कडेला येऊन साखर आत घेतं, आणि विशेष म्हणजे स्नायू आवळला की इन्सुलिनशिवायसुद्धा येतं. पाय बांधून ठेवला की हा दुसरा रस्ता बंद, आणि हळूहळू पहिलाही मंदावतो.

1989 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी निरोगी तरुणांचा एकच गुडघा 7 दिवस स्प्लिंटने, म्हणजे आधाराच्या पट्टीने, बांधून ठेवला, तर इन्सुलिन तेवढंच असून त्या पायाच्या मांडीने साखर कमी घेतली. माणूस तोच, रक्त तेच, फरक फक्त हालचालीचा! नेदरलँड्समध्ये मास्ट्रिक्टला तर एका पायाला प्लास्टर घातल्यावर 5 दिवसांतच मांडीचा स्नायू साधारण साडेतीन टक्के घटलेला आणि ताकद 9 टक्के उतरलेली दिसली.

एका पायाचा परिणाम मुख्यतः त्या पायापुरता असतो हे खरं, पण आपल्याकडे पाय एक मोडतो आणि माणूस अख्खा खाटेवर जातो. मास्ट्रिक्टलाच 10 निरोगी तरुणांना आठवडाभर झोपवून, जेवण मोजून देऊन पाहिलं, तर इन्सुलिनचा असर 29 टक्क्यांनी कमी झाला आणि चरबी सोडून अंगातलं 1.4 किलो वजन गेलं. मग साठीतल्या, आधीच शुगरची गोळी चालू असलेल्या माणसाचं काय होत असेल, विचार करा.

म्हणून प्लास्टर करतानाच हाडाच्या डॉक्टरांना विचारून घ्या, काय हलवलं तर चालेल. पायाची बोटं, दुसरा पाय, दोन्ही हात बहुतेकदा हलवता येतात. आणि त्यांनी हो म्हटलं तर प्लास्टरच्या आतच मांडी आवळायची, पाच मोजायचे, सोडायची, असं दिवसातून बऱ्याचदा करायचं. शुगर असेल तर या दिवसांत ती नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा, गोळीचा डोस मात्र मनाने बदलू नका.