गोळी सोडली, काहीच झालं नाही

यावल तालुक्यातल्या आमच्या आप्पांनी मे महिन्यात बीपीची गोळी सोडली. "काहीच व्हयनं नही भाऊ," म्हणत त्यांनी पितळी डबा उघडून दाखवला. आत सुपारी, अडकित्ता आणि अ‍ॅम्लोडिपिनच्या (त्याच बीपीच्या गोळीच्या) दोन न फोडलेल्या पट्ट्या.

आप्पा खोटं बोलत नव्हते. गोम तिथेच आहे. रक्तातलं हे औषध निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणून एक-दोन दिवस गोळी चुकली तरी तिचा अंमल बराचसा टिकतो, आणि दाब चढतो तो सावकाश, पुढच्या आठवड्याभरात. चुकलेला दिवस सांभाळून घेणारा हा गुणच माणसाला फसवतो. ताप निदान परत येऊन वर्दी देतो. १४०/९० च्या वर गेलेला दाब बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही. मेंदूच्या, हृदयाच्या, किडनीच्या रक्तवाहिन्या मात्र तो सोसत राहतात.

त्यात महिना मे! जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की उष्णता बाहेर टाकायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, आणि दाब आपसूक थोडा उतरतो. आप्पांना वाटलं, दुखणं गेलं. भरीत-पुरीच्या थंडीत त्याच रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब पुन्हा चढतो. उन्हाळ्यात चक्कर येत असेल, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, तर डोस कमी करावाही लागतो. पण तो डॉक्टरांनी, दाब मोजून. क्लोनिडिनसारखी बीपीची दुसरी एखादी गोळी एकदम तोडली तर दाब उसळीच मारतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराची औषधं नीट घेणारे जेमतेम ५० टक्के. तेव्हा हा काही आपल्या खेड्यातलाच अडाणीपणा नव्हे.

चहा झाल्यावर आप्पा खरं बोलले. गोळीने घोटे सुजायचे, संध्याकाळी चप्पल पायात जात नसे. गोळी सोडली आणि सूज उतरली. म्हणजे 'काहीच' नव्हे, बरंच झालं होतं! घोट्याची सूज हा अ‍ॅम्लोडिपिनचा ठाऊक असलेला दुष्परिणाम. डोस किंवा औषध बदलून तो टाळता येतो. डॉक्टरांना का नाही सांगितलं? "त्यास्ले वाईट वाटी."

दुसऱ्या दिवशी दाब भरला १६८/९६. औषध बदललं. नवी पट्टी आता सुपारीच्या डब्यात नाही, चहापत्तीच्या डब्यावर असते. चहा आप्पा कधी चुकवत नाहीत.