कंस विसरला आणि हिमोग्लोबिन उतू गेलं

फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब साधारण १०० मिलिमीटर पारा इतका असतो. तिथे हिमोग्लोबिन जवळजवळ काठोकाठ भरतं, ९७ टक्क्यांच्या आसपास. माझ्या संगणकावर मात्र एकदा ते अडीच लाख पट भरलं. कारण काय, तर एक कंस राहिला होता.

मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घात, लॉग, साइन अशी फंक्शनं तयार मिळतात. (गणिताच्या पुस्तकात त्याला फल म्हणतात, पण बोलताना कोण म्हणतं?) रक्त ऑक्सिजन कसं धरतं हे त्या डब्यात नसलं, की आपलं फंक्शन आपणच लिहायचं: त्याला नाव द्यायचं, त्याला काय काय पुरवायचं ते कंसात सांगायचं आणि मग कृती.

इथली कृती ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाची, १९१० सालची:

भरणा(दाब, अर्धदाब, घात) = दाब^घात / (अर्धदाब^घात + दाब^घात)

^ ही खूण घाताची. अर्धदाब म्हणजे ज्या दाबाला हिमोग्लोबिन निम्मं भरतं तो दाब. प्रौढ माणसात तो सुमारे २६. घात साधारण २.७. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात आणि एक भरली की बाकीच्या भरणं सोपं होतं. हा घात त्याचंच माप. तो १ धरला असता तर फुप्फुसात भरणा जेमतेम ७९ टक्के झाला असता आणि राबणाऱ्या स्नायूत, जिथे दाब २० पर्यंत उतरतो, तिथेही ४३ टक्के ऑक्सिजन रक्तातच अडकून बसला असता. २.७ धरला की ९७ वरून थेट ३३. म्हणजे स्नायूच्या पदरात ३६ ऐवजी ६४ टक्के पडतात.

फंक्शन वेगळं लिहून ठेवण्याचा फायदा मला पटला तो गर्भाच्या रक्तामुळे. गर्भाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याचा अर्धदाब सुमारे १९. सूत्राला हातही लावायचा नाही, २६ च्या जागी १९ घालायचे. दाब ३० असताना आईचं रक्त ६० टक्के भरलेलं, तर बाळाचं ७७ टक्के. वारेतून ऑक्सिजन बाळाकडे का ओढला जातो, ते एका आकड्याच्या बदलात दिसतं.

जीवशास्त्रातली मॉडेलं एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी एसबीएमएल नावाचं सामाईक स्वरूप आहे. त्यात असं फंक्शन ‘लॅम्डा’ म्हणून लिहितात. हा शब्द अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांच्या १९३० च्या दशकातल्या तर्कशास्त्रातून आलेला. एक्सेलमध्ये स्वतःचं फंक्शन बनवायची जी सोय मायक्रोसॉफ्टने २०२० च्या अखेरीस जाहीर केली, तिचंही नाव लॅम्डाच. एसबीएमएलचा नियम कडक आहे: कंसातून जे आत आलं तेवढंच वापरायचं, मॉडेलमधली दुसरी राशी परस्पर उचलायची नाही, फंक्शनने स्वतःलाच पुन्हा हाक मारायची नाही. सुरुवातीला हा नियम जाच वाटतो. पण दाब, अर्धदाब, घात हे तिन्ही उघडपणे मागावे लागतात, म्हणूनच तर बाळाचा आकडा घालता आला.

आता तो कंस. भागाकाराखालचा कंस गाळला की संगणक आधी भागतो, मग उरलेला दाब^घात वर मिळवतो. १०० चा २.७ वा घात म्हणजे सुमारे २,५१,००० आणि तोच ‘भरणा’ म्हणून पडद्यावर. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या फंक्शनला आधी उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारतो. दाब आणि अर्धदाब सारखेच दिले, की घात काहीही असो, उत्तर नेमकं अर्धं यायला हवं. माझ्या बिनकंसी सूत्राने २६ ला साडेसहा हजारांहून जास्त सांगितले असते, म्हणजे चोर तिथेच सापडला असता.

दुसरी चूक मात्र या चाचणीला चकवून गेली. स्नायूतला ऑक्सिजन संपत आला की दाब शून्याजवळ येतो. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा सॉफ्टवेअरचा भाग, काळात छोटी छोटी पावलं टाकत जातो आणि एखादं पाऊल शून्याच्या केसभर खाली पडतं. उणे संख्येचा २.७ वा घात वास्तव संख्यांत निघतच नाही. पडद्यावर ‘नॅन’ आलं, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’, आणि पुढची प्रत्येक ओळ नॅन. उपाय एका शब्दाचा होता: दाबाऐवजी मॅक्स(दाब, ०), म्हणजे दोन्हींतलं जे मोठं ते. पण तो सापडेपर्यंत दुपार गेली. आता अर्ध्याच्या चाचणीनंतर मी शून्य घालून बघतो आणि मग उणे ०.००००१.